तेविसावा प्रश्न

जगन्नाथरावांनी तिला तोंड उघडूच दिलं नाही. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या त्यांच्या कारखान्यात अन्विता स्टुलावर टेकते न टेकते, तोच म्हाताऱ्याने खणातून एक झेरॉक्स काढून तिच्या हातात ठेवली. बावीस प्रश्न, बावीस उत्तरं. शिसवाच्या फळीत लाकडाचे तुकडे बसवून चित्र करायची ही कला म्हैसुरात कशी आली, फणसाचं पिवळं लाकूड कुठे वापरतात, पोरं हे काम का शिकत नाहीत, सगळं मोत्यासारख्या अक्षरात.

"तू अकरावी विचारणारी," ते म्हणाले. "सगळे हेच विचारतात, अल्वा, हो ना? मत्ते मत्ते, पुन्हा पुन्हा तेच सांगून घसा बसला. म्हणून लिहूनच ठेवलं."

अन्विताचा चेहरा पडला. तिच्या वहीत सतरा प्रश्न होते, आणि सतराच्या सतरा त्या कागदावर उत्तरांसकट हजर. ऑनर्सच्या प्रबंधाचा तिचा विषय कॉलेजातल्या मॅडमनी दोनदा परत केला होता. आज पाचच्या आत एकच प्रश्न पाठव, ज्याचं उत्तर अजून कुणी लिहिलेलं नाही असा. नाहीतर 'हस्तकला आणि पर्यटन' घे, असं बजावलं होतं. त्या विषयाच्या नुसत्या नावानेच तिला जांभई यायची. आणि आता सव्वाचार झाले होते.

पोरगी रडते की काय, या भीतीने जगन्नाथरावांनी आतून कॉफी मागवली. कॉफी येईपर्यंत, मराठी माणूस मराठी माणसाला विचारतो तेच विचारलं: गाव कोणतं तुझं? अन्विता नेहमीसारखी गडबडली. बाबा वाईचे, आई नागपूरची, ती स्वतः जन्मापासून इथली. म्हातारा खो खो हसला. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत शिपाई म्हणून आले, तेव्हापासून हाच मोहल्ला. त्या आधीचं कुणालाच ठाऊक नाही.

"आमाला तर ऊरच नाही बघ," ते म्हणाले. "गावच नाही."

कॉफी पिता पिता तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. मोठ्या चौकटीत एक गाव होतं: विहीर, तिच्यावर डावीकडे वाकलेला नारळ, मागे कालवा, घागर घेतलेली पाठमोरी बाई. शेजारच्या छोट्या चौकटीतही तेच. ट्रेवर तेच, डब्याच्या झाकणावर तेच. नारळ कुठेच सरळ झाला नव्हता.

"काका, हे गाव कोणतं?"

"ते काय ग, गावाचं चित्र. लोकांना आवडतं."

"हो, पण कोणत्या गावाचं?"

जगन्नाथरावांनी कप खाली ठेवला. चष्मा लावून उठले आणि स्वतःच्याच चित्रापुढे गिऱ्हाइकासारखे उभे राहिले. मूळ चित्र त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी काढलेलं. त्यावरून गेली सेहेचाळीस वर्षं ते तुकडे कापत होते. आप्पांनी कधी सांगितलं नाही.

"आणि मी विचारलंच नाही," ते हळूच म्हणाले. मग म्हाताऱ्याला चेवच चढला. कपाट उपसून आप्पांचा पिवळा पडलेला कागद काढला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला. नाव नव्हतं. पण कालवा होता, भाताची खाचरं होती. म्हणजे इथून जवळच्या बन्नूरकडचं असणार, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

अन्विताने प्रश्न मॅडमना पाठवला. पाचाला दहा कमी होते. लगेच उत्तर आलं: कारागिराला माहीत असेल ना? तिने लिहिलं: नाही, त्यांनाही नाही. थोड्या वेळाने मॅडमचा होकाराचा अंगठा आला, आणि अन्विताला इतकं हसू फुटलं की कॉफी नाकात गेली.

जगन्नाथरावांनी तिच्या हातातली झेरॉक्स काढून घेतली. तळाशी पेन्सिलीने तेवीस आकडा घातला, प्रश्न लिहिला, आणि पुढची जागा कोरी ठेवली.

"शनिवारी सकाळी बन्नूरची बस धरायची," ते म्हणाले. "नारळ पडला असेल, पण विहीर कुठे जाते?"

"आणि तिथे नसलं तर?"

"मग पिरियापट्टण बघू. मत्ते पुढचं. शोधायला वेळ आहे मला." त्यांचा सगळा चेहरा फुलला. "आणि कुणी विचारलं, राव, कुठे निघालात, तर सांगीन, गावाला."