तकाकी

"मशीन लावा," बाई म्हणाल्या. "माझा जुना आवाज काढा त्यातनं."

घशाच्या ऑपरेशननंतरचं बाईंचं हे पहिलंच रेकॉर्डिंग. तीस वर्षं लावणी गायलेला आवाज आता खरबरीत लागत होता. आवाजाला तकाकी आणणारं मशीन मी जोडलं आणि मिक्सिंग करताना त्याचं बटण जरा जरा फिरवत गेलो. पहिल्यांदा बाईंनी नाक मुरडलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "अजून." चौथ्यांदा गाणं वाजलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. "हां. आता ओळखीची वाटते ही बाई."

सेटिंग लिहून घ्यायला मी वाकलो, तर मशीनचा दिवाच लागलेला नव्हता. आवाज त्यातून न बदलता तसाच पुढे गेला होता आणि मी नुसतंच बटण फिरवत बसलो होतो. गप्प राहता आलं असतं.

"बाई, मशीन बंद होतं. ऐकलात तो तुमचाच आवाज."

त्यांनी एकदा मशीनकडे बघितलं. मग पदर खोचून माइकपाशी गेल्या.

"शेवटची ओळ मी दबकत गायले होते. म्हटलं, मशीन बघून घेईल. लावा ट्रॅक."