यंत्राला न दिसलेला पाय

"माई, हत्तीरोग राज्यातून संपला आहे. तुम्ही सुदृढ आहात." आरोग्यकेंद्रातलं तपासणीयंत्र दर वर्षी गोड आवाजात हेच सांगे. डॉक्टर म्हणून माणूस तिथे उरलाच नव्हता, आणि संपलेल्या आजारावर औषध द्यायची यंत्राला परवानगी नव्हती.

आधी सुभद्राबाईंचा घोटाच सुजला होता. मग जोडवी कापून काढावी लागली, पूजेला मांडी घालता येईना, कातडी झाडाच्या सालीसारखी टणक झाली आणि भेगांतून पाणी झिरपू लागलं. ताप येई, उतरे. या वेळी तो उतरेचना, तेव्हा सून रेवती त्यांना घेऊन आली.

"माई," यंत्र त्याच गोड आवाजात म्हणालं, "भेगांतून शिरलेले जंतू रक्तात पसरत आहेत. जीव वाचवायला पाय गुडघ्यावरून कापावा लागेल. संमतीचा अंगठा द्या."

"कापायच्या दिवशी मात्र तुला पाय दिसला," रेवती म्हणाली.

सुभद्राबाईंनी तिला हातानेच थांबवलं. रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईचा सुजलेला घोटा त्या मघापासून पाहत होत्या.

"देवानं दिलेला पाय आहे, जायचा तर जाईल," त्या हळूच यंत्राला म्हणाल्या. "पण आधी हिच्या सुजेला खरं नाव दे, औषध दे. मग माझा अंगठा घे."