द्वारकामावशीची गस्त

‘राखण’ या बिनमाणशी गस्तीनौकेला कोळीवाड्यातल्या द्वारकामावशी नाखवांचा आवाज आणि स्वभाव बसवून वर्ष झालं होतं. आज दुपारी तो काढायचा होता. नौका समुद्रात प्रत्येक कोळ्याला, “जाळं टाकतोस की लुगडी वाळत घालतोस?” असं विचारायची. सरकारी नौकेला हे शोभत नाही, असं वरून पत्र आलं होतं.

मावशी शेवटचं ऐकायला नियंत्रण कक्षात आल्या होत्या, अंबाड्यात अबोली माळून.

पडद्यावर एक होडी आली. नंबर बरोबर, रंग बरोबर, कागदपत्रं बरोबर. कक्षातल्या सगळ्या यंत्रांनी तिला पास केलं. ‘राखण’ने मात्र मावशींच्या आवाजात विचारलं, “कुणाची रे होडी? रंग बघून मासे आंधळे झाले असतील.”

“माफ करा, मॅडम,” उत्तर आलं. “पुढच्या वेळी बदलतो.”

‘राखण’ने ताबडतोब सायरन वाजवला आणि होडीची वाट अडवली.

“अहो, किती नम्र माणूस आहे,” कमांडर साळसकर म्हणाले.

“म्हणूनच आपला नाय,” मावशी म्हणाल्या. “आपला असता तर माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या.”

होडीत मासळीच्या खोक्यांत बंदुका निघाल्या.

साळसकरांनी ते पत्र फाडलं आणि मावशींना सलाम ठोकला.

“सलाम करतोस की माशा हाकलतोस?”

“वर्षभर तुमचं ऐकून हातात जीव कुठे उरलाय, मावशी?”

मावशींनी समाधानाने माइक ओढला आणि ‘राखण’ला कळवलं, “हा आपला हाय गो.”