दर बुधवारी

नाशिक रोडच्या चर्चच्या मंडळीतली एस्तेर दर बुधवारी एकट्या राहणाऱ्या दीनामावशींकडे प्रार्थनेला जायची. मावशींची नजर पावसाळ्यापासून अधू होत चालली होती. त्यांच्या डोळ्यांवर हात ठेवून एस्तेर बराच वेळ देवाला विनवायची. ती निघाली की मावशी म्हणायच्या, "पोरी, तुझ्याकडे गाडी आहे. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतेस का गं?"

"नेते ना मावशी, पुढच्या आठवड्यात नक्की," एस्तेर म्हणायची. घरी गेल्यावर त्यांच्यासाठी पुन्हा मनापासून गुडघे टेकायची.

नाताळ उरकल्यावर तिने एकदाचं मावशींना नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. "काचबिंदू आहे. गेलेली नजर आता परत येत नाही. चार महिन्यांपूर्वी आणलं असतंत, तर नुसत्या थेंबांवर टिकली असती."

बाहेरच्या बाकावर एस्तेरला रडू आवरेना. मावशींनी चाचपडत तिचा हात शोधला. आता या बोल लावणार, म्हणून ती अंग चोरून बसली.

"रडू नकोस, पोरी," मावशी म्हणाल्या. "तू किती प्रार्थना केलीस! देवानंच ऐकलं नाही, त्याला तू काय करणार?"