मनात हाय ते

"आई, जनम मेंढरांमागं गेला तुजा. आता मनात हाय ते करून टाक," असं मल्हार म्हणाला, तेव्हा हरणाबाईला भरून आलं. कोरड्या माणदेशात वाढलेल्या तिला एकदा कोयनेचं पाणी डोळे भरून बघायचं होतं.

"बिनघोर जा. मेंढरांचं मी बघतो," म्हणत लेकानं तिला बचत गटाच्या बायकांबरोबर गाडीत बसवून दिलं. शेजारी बसेल तिला हरणाबाई कौतुकानं सांगत राहिली, "माजा मल्हार म्हणतोय, मनात हाय ते करून टाकावं."

घरी परतली, तर मेंढरं कोंडायच्या वाडग्यात एक मेंढरू उरलं नव्हतं.

तिथं झेंडूचा हार घातलेली मल्हारची नवीकोरी गाडी उभी होती, आणि मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मनात हाय ते करून टाक.'