गोळ्या कोण घेतंय?

राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंच्या मॅमोग्राफीच्या दोन फिल्म शेजारी लावल्या. "गेल्या वर्षी हा पांढरा दाटपणा नव्हता. हार्मोनच्या गोळ्या घेता?" "न्हाय हो, पाळी गेल्यावर कोण औषध घेतंय?" सासरे नेहमीसारखे त्यांच्या वतीनं बोलले. सासूबाई घेत होत्या. मीच चोरून आणून द्यायचे. सांगितलं तर घरात भांडण, लपवलं तर फिल्म चुकीची वाचली जाणार. कडेवरचं बाळ सावरत मी पर्समधली गोळ्यांची स्ट्रिप टेबलावर ठेवली. "मग दाटपणा गोळ्यांमुळे असेल," डॉक्टर म्हणाल्या, "पण त्यात गाठ दडू शकते. सोनोग्राफी करू." सासरे उसळले, "आधी गोळ्या बंद. आमच्या आईनं कुठं घेतल्या?" "पाळी गेल्यावर तुमची आई रात्रभर घामानं भिजून बसायची, मी बघितलंय की," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या कडेवरचं बाळ सासऱ्यांच्या हातात दिलं. "ह्याला घेऊन भाईर बसा. गोळ्यांचं काय करायचं ते आम्ही तिघी ठरवतो."