शेवटाला लिटर

बसा हो, चहा येईस्तोवर एक गोष्ट सांगतो. जिवाला लागंल, पर ऐका.

बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत गोकुळ कॉम्प्युटरवर हुता. दूध घालणाऱ्यांना रोज सकाळी कॉम्प्युटरच फोन लावायचा. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज इचारायचा, "आज दूध किती?" माणूस बोलला की बोलणं शब्दांत उतरायचं, आन गोकुळचा प्रोग्रॅम त्याचं नुसतं शेपूट बघायचा. शेवटाला 'लिटर' असंल तर फोन बंद. नसंल तर, "परत सांगा." गोकुळ ह्याला इंग्रजीत एंड्सविथ म्हणायचा, म्हंजी शेवट कशानं हुतोय ते बघणं.

पार भवानीनगरपातूर समद्यांचं जमलं. कोऱ्हाळ्याच्या दत्तोबाचं जमंना. बाईनं इचारलं की हा सांगायचा, दुसरी म्हस व्यायला झालीया, कारभारणीचं गुडघं धरल्यात, शेवग्याला शेंगा लागल्यात. लिटर काय निघायचं न्हाय. बाई म्हणायची "परत सांगा", आन म्हातारा परत सुरू.

साहेब तापले. "लाइन अडकतीया. शिकव त्याला, न्हायतर दूध बंद कर त्याचं."

गोकुळनं मोटरसायकल काढली आन कोऱ्हाळ्यात दत्तोबाचं घर गाठलं.

"तात्या, घरात फोन कळणारं कुणी न्हाय? पोरंबाळं?"

"लेक हुती एक. गेली."

गोकुळ वरमला. "बरं, असं करा. शेवटाला लिटर म्हणा. मशीन तेवढंच बघतंय."

"आन मधलं?"

"त्याला मधल्याशी काय घेणं न्हाय."

"मशीनचं सोड रं. तिकडं एखादं माणूस तर ऐकत असंल?"

गोकुळ हसला. "तुमच्या शेंगा ऐकत कोण बसतंय, तात्या?"

म्हातारा सदऱ्याचं बटण पिळत ऱ्हायला. "व्हय, तेबी खरंच," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फोन गेला.

"आठ लिटर."

फोन बंद. साहेबांनी गोकुळला जिलेबी चारली. शेजारच्या टेबलावर रोहिणी बसायची. फोनमधला आवाज तिचाच. तिनं कानावरचा, फोनच्या रेकॉर्डिंगचा हेडफोन काढला.

"काय सांगितलंस त्यांना?"

"खरं तेच. ऐकणारं कुणी न्हाय म्हणून."

तिनं जिलेबी तशीच ठिवली. त्या दिसापास्नं दत्तोबा दोन शब्दांच्या वर बोलला न्हाय.

तुमी उद्या कोऱ्हाळ्यावरनंच जाणार न्हवं? मग घडीभर दत्तोबाकडं थांबा. मनाजोगं लगीन केलं म्हणून लेकीला त्यानं दार बंद केलंय, तिला जाता येत न्हाय. तवा तुमीच सांगा त्याला, तुमची रोहिणी रोज समदं ऐकत हुती.